अंबा नदी: वर गोडी, खाली खारी

मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्या नागोठण्याजवळ अंबा नदी ओलांडतात, तेव्हा गाडीतले निम्मे लोक झोपलेले असतात आणि उरलेले वडा-पावची गाडी शोधत असतात. या नदीवर कुंभमेळा भरत नाही, मोठं धरण नाही, शाळेच्या पुस्तकातही ती एखाद्या ओळीत आटोपते. पण रायगड जिल्ह्यातली ही लहानशी नदी एकाच वेळी दोन वेळापत्रकं पाळते, एक पावसाचं आणि दुसरं भरती-ओहोटीचं. मासे, भात, बांध, पूल, बोटी आणि जावयाचं जेवण, सगळं या दोन वेळापत्रकांवर ठरतं. कसं, ते पाहू.

निघाली कुठे, पोचली कुठे

खोपोलीजवळच्या सह्याद्रीत उगम पावलेल्या नदीने सरळ पश्चिमेला जायला हवं. समुद्र तिकडेच आहे. अंबा मात्र आधी दक्षिणेला जाते. जांभूळपाडा करून पालीपर्यंत उतरते, तिथून पश्चिमेला वळून नागोठण्याला येते आणि मग चक्क उत्तरेकडे तोंड करते. पुढे तिची धरमतरची खाडी होते आणि रेवसजवळ ती मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. नकाशावर बोट फिरवून बघा, इंग्रजी ‘यू’ अक्षर उमटतं. खोपोली ते रेवस सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, उगम आणि मुख जवळपास एकाच अक्षांशावर. पण मधला वळसा घेतल्याशिवाय बाईंना चैन नाही.

शेजारणी श्रीमंत, ही आपल्या पावसावर

अंबेच्या उत्तरेला पाताळगंगा, दक्षिणेला कुंडलिका. या दोघींना घाटमाथ्यावरून बारमाही आहेर येतो. टाटांच्या खोपोली वीजकेंद्राचं पाणी १९१५ पासून पाताळगंगेत उतरतं, भिऱ्याचं १९२७ पासून कुंडलिकेत. कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ते त्या पाण्यावर. मधल्या अंबेच्या वाट्याला असं काही आलं नाही. जून ते सप्टेंबर ती दुथडी भरून वाहते आणि मे महिन्यात वरच्या अंगाला खडक मोजता येतात. पण गरीब म्हणून गृहीत धरायची सोय नाही. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या पुराने जांभूळपाड्यात घरंच्या घरं आणि माणसं नेली. सुधागड तालुक्यात आजही ‘एकोणनव्वदचा पूर’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

लढाईही नदीकाठची

फेब्रुवारी १६६१. मोगल सरदार कारतलबखान मोठं सैन्य घेऊन घाट उतरला आणि उंबरखिंडीच्या चिंचोळ्या जंगलात अडकला. पुढे मराठे, मागे मराठे, दोन्ही बाजूंच्या उतारांवरही मराठे. सोबतच्या रायबागन या सरदारणीच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि शिवाजी महाराजांनी खंडणी घेऊन त्याला जाऊ दिलं. या लढाईचं स्मारक चावणी गावाजवळ आहे, अंबेच्याच काठी. नदी इथे अजून लहान, घोटाभर पाण्याची. पुढे ती काय काय करणार आहे याचा इथे पत्ता लागत नाही.

देव भक्ताच्या नावाचा

पालीचा बल्लाळेश्वर अंबेच्या खोऱ्यातला. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकटाच गणपती. जवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणजे दर्शन आणि स्नान एका फेरीत. पालीजवळचा अंबेवरचा जुना पूल मात्र भाविकांची परीक्षा घ्यायचा. पाऊस जोरात लागला की पूल पाण्याखाली आणि यात्रेकरू अलीकडे.

चारशे वर्षांपूर्वीचा पूल

नागोठण्याजवळ अंबेवर एक दगडी कमानींचा पूल आहे. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने तो बांधला, असं जुन्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. रुंदी इतकी बेताची की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीला मागे जाण्यावाचून गत्यंतर नसावं. तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचं बंदर चौलला होतं. घाटावरचं लष्कर आणि माल तिथवर पोचवायचा तर ही नदी ओलांडणं आलंच.

महाबळेश्वरचं बंदर

महाबळेश्वरला जाण्यासाठी बोट पकडायची, हे आज विनोदी वाटेल. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेबलोक तेच करत. मुंबईहून आगबोटीने धरमतर किंवा नागोठणं गाठायचं आणि पुढे महाडवरून घाट चढायचा. भरतीचं पाणी नागोठण्यापर्यंत चढतं म्हणून हे शक्य होतं. वेळ चुकली तर बोट चिखलात बसायची. खाडीत अजूनही जडवाहतूक आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी माल घेऊन बार्ज धरमतरला येतात.

भरतीचा पाढा

मोबाइलमध्ये भरतीचं ॲप नसताना खाडीकाठचा माणूस वेळ कशी सांगायचा? तिथीची पाऊणपट करून. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पहाटे तीन आणि दुपारी तीन, कारण भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते. हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण जाळं टाकायला पुरतो. शिवाय रेवसला आलेली भरती नागोठण्याला त्यानंतर पोचते, तेवढा वेळ ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे मिळवायचा.

अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, ते उधाण. सप्तमी-अष्टमीला पाणी आळसावतं, ती भांग. कालनिर्णय भिंतीवर असतं ते फक्त एकादशी बघायला, असं खाडीकाठी कुणी समजत नाही.

दुमजली पाणी

पावसाळ्यात खाडीच्या वरच्या थरातलं पाणी आणि तळाचं पाणी वेगळं असू शकतं. खारं पाणी जड, म्हणून ते खालून आत शिरतं. डोंगरातून आलेलं गोडं पाणी त्याच्यावरून समुद्राकडे जातं. उन्हाळ्यात उलट कथा. वरून येणारं पाणी आटतं आणि खारटपणा आत आत सरकतो. त्यामुळे एकाच जागी जुलैत एक मासा लागतो आणि एप्रिलमध्ये दुसराच.

जूनमधली दुतर्फा वाहतूक

पहिला मोठा पाऊस पडला की अंबेत दोन्ही दिशांना धावपळ सुरू होते. गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओढे, नाले, शेताच्या पाळी, जिथे पाणी वाहतं तिथे ते घुसतात. त्याच वेळी दुसरी मंडळी खाली निघालेली असते. मोठा गोडा झिंगा पिल्लं सोडायला मचूळ पाण्याकडे जातो. अहिर नावाचा सापासारखा लांबडा मासा नदीत वर्षानुवर्षं काढतो आणि अंडी घालायला थेट समुद्र गाठतो. चिंबोरीची मादीही अंडी घेऊन खाडीबाहेर जाते.

वर चढणाऱ्या माशांची ही मोहीम म्हणजे वलगण. शिवडे, मळे, खवल, चिवणी, सगळे अंड्यांनी भरलेले. रात्री पाऊस धो धो कोसळतोय, बेडकांचा गोंगाट चाललाय, आणि गावातली पोरं-बाप्ये बॅटरी, कोयता, टोपली घेऊन बांधावर. पाणी जिथे एका शेतातून दुसऱ्यात पडतं तिथे जाळं किंवा बांबूचं खोईन लावलं की मासा आपणहून आत येतो. सकाळी गावात कुणाच्या घरी गेलात तरी तव्यावर चिवणीची गाबोळी.

मजा खरी, पण गोम अशी की अंडी घालण्याआधीच मासा तव्यावर गेला तर पुढच्या वर्षी चढणार कोण? यंत्रबोटींना समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती याच कारणाने. शेताच्या बांधावर पहारा देणं कुणालाच जमलेलं नाही. जुनी माणसं ‘पहिलं पाणी माशांना, दुसरं आपल्याला’ इतकं तारतम्य पाळलं तरी पुष्कळ झालं, असं म्हणतात.

पाग: एका माणसाचं जाळं

पाग लांबून सोपा दिसतो. गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, मध्यातून दोरी, दोरीचं टोक डाव्या मनगटाला. पाग्याने जाळ्याचा एक पदर कोपरावर टाकला, उरलेलं उजव्या हातात घेतलं, कंबरेतून एक झोका दिला, की जाळं हवेत पूर्ण उघडतं आणि सपकन पाण्यावर बसतं. गोळ्या बुडाल्या की मासा आत. मग घाई नाही. दोरी सावकाश ओढायची म्हणजे कडा एकत्र येतात आणि तळाशी वाट राहत नाही. नवशिक्याचा पाग मात्र उघडतच नाही. त्याचा बोळा पाण्यात पडतो आणि काठावर बसलेले आजोबा तोंड फिरवून हसतात.

पागात हमखास सापडणारा मासा म्हणजे बोय. तो चिखलावरचं शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खातो. त्याच्या जठराचा एक भाग जाड स्नायूंचा असतो, गिळलेल्या रेतीच्या मदतीने तो खाल्लेलं दळून काढतो. संकट दिसलं की बोय पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून काही कोळी होडीच्या कडेला आडवं जाळं ताणून ठेवतात. पाणी चुकवून उडाला तरी जाळ्यातच पडतो.

भरतीला कामाला लावा

डोल जाळं माशाच्या मागे जात नाही. खाडीत खुंट रोवायचे, त्यांना पिशवीसारखं निमुळतं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. पाणी वाहतं तसं जवळा, करंदी, मांदेली, बोंबील, जे येईल ते शेवटच्या टोकात साठतं. ओहोटीची भरती झाली की जाळ्याने दिशा बदलायची.

वाणा जाळ्याची युक्ती आणखी धूर्त. ओहोटीला चिखलावर खुंटांची रांग लावून जाळं पायथ्याशी दडवून ठेवायचं. भरतीला मासे त्याच्यावरून किनाऱ्याशी चरायला येतात. पाणी भरलं की जाळं वर ओढून खुंटांना अडकवायचं. पाणी उतरतं, मासे उरतात. डिझेलचा खर्च शून्य.

जिताडा: आधी नर, मग मादी

राज्याचा मासा म्हणून २०२३ साली पापलेटाची निवड झाली. पेण-अलिबागच्या खाडीकाठच्या खारेपाटात मतदान घेतलं असतं तर पापलेटाची अनामत जप्त झाली असती. इथला राजा जिताडा. बंगालात तो भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी.

त्याची सगळ्यात मोठी गंमत अशी की तो नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून अगदी मोठा, हंडाभर रस्सा होईल असा जिताडा मिळाला तर तो बहुधा ‘ती’ असते. पावसाळ्याच्या तोंडाला, उधाणाच्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी ही मादी लाखोंनी अंडी घालते. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खाड्यांत, शेतांत, तळ्यांत शिरतात. खारं, मचूळ, गोडं, तिन्ही पाणी त्याला चालतं. रात्री बॅटरी मारली तर डोळे लालसर चमकतात. आणि भूक लागली तर भावंडांनाही सोडत नाही, म्हणून पालन करणारे पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी करत राहतात.

खारेपाटात घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा ही जुनी रीत. खाडीतून पिल्लं आणून सोडायची, खायला छोटे मासे टाकायचे आणि लग्न, सण किंवा जावई येईपर्यंत हात लावायचा नाही. कचेरीत अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या दारात जिताडा पोचता केल्याचे किस्से तर गावोगाव. आता खाडीत पिल्लू पूर्वीसारखं मिळत नाही. पण चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली जिताड्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून हॅचरीतलं बीजही तळ्यात येऊ लागलं.

उपाशी बाप

शिंगाळा तसा बदनाम मासा. काटा लागला तर हात ठणकतो. पण बाप म्हणून त्याला तोड नाही. मादीने घातलेली अंडी, एकेक सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही मोठं, नर तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडून थोडी मोठी होईपर्यंत तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस जेवण जवळपास बंद. बाजारात शिंगाळ्याच्या तोंडात अंडी दिसली तर त्याने ती खाल्लीत असं समजू नका.

चिखलात चालणारा मासा

ओहोटी लागली की काठच्या चिखलावर निवट्या बाहेर येतात. मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत चालतो, उड्या मारतो, डोक्यावरचे डोळे गरागरा फिरवतो आणि चक्क मिटतोही. ओलसर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो हवेतला प्राणवायू घेतो. कल्ल्यांच्या कप्प्यात पाण्याचा साठा ठेवतो. कातडी सुकायला लागली की चिखलात एक लोळण.

पकडायचा तर गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. बिळाला बहुधा एकापेक्षा जास्त तोंडं असतात. एकावर पाय दाबायचा, दुसऱ्यातून कोपरापर्यंत हात घालायचा. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागतं आणि निसटतं. ते पुन्हा लागलं की मुठीत आवळायचं, विचार करायचा नाही. घरी आणल्यावरही निवट्या हातात ठरत नाहीत, म्हणून राखेत घोळवून साफ करतात. पुढे कैरी आणि आगरी मसाला, बस्स.

चिंबोरी: खातोही आपण, घाबरतोही आपण

अमावास्येची चिंबोरी भरलेली, पौर्णिमेची पोकळ, ही खाडीकाठची ठाम समजूत. लाख भरलेली मादी ओळखायची तर पोटाखालची झडप बघा. मादीची रुंद, नराची निमुळती. नांगी तुटली तर पुढच्या कात टाकण्याच्या वेळी नवी फुटते. गड्याने पकडताना पाठीमागून धरावी, पुढून धरली तर ती गड्याला धरते.

पण शेतकरी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. चिंबोऱ्या आणि उंदीर खाडीच्या बांधात बिळं करतात. बिळातून पाणी झिरपतं, झिरप्याची धार होते आणि एखाद्या उधाणाला त्याच जागी खांड पडते. मग शेतात समुद्र.

समुद्रापेक्षा खालची शेतं

खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. उधाणाची भरती आली की बाहेरचं पाणी आतल्या भातापेक्षा उंच असतं. मध्ये फक्त मातीचा बांध. आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात उघाड्या असतात. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. भरतीचं पाणी दाबलं की झडप आपोआप बंद, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडी. विजेचं बटण नाही, रखवालदार नाही.

मिठाच्या जमिनीत भात येतं कसं? पहिल्या पावसांनी मीठ धुऊन खाली जाऊ द्यायचं आणि मोड आलेलं बियाणं रहू पद्धतीने फेकायचं. जोडीला काळा राता, भुरा राता असे क्षार सोसणारे जुने वाण. बांध मात्र दरवर्षी बघावे लागतात. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, त्याआधीपासून घमेली-फावडी घेऊन गावच्या गाव बांधावर उतरायचं.

सहा वर्षं नांगर बंद

याच खारेपाटात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. पंचवीस गावं, नेते नारायण नागू पाटील, आणि संप चालला १९३९ पर्यंत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढ्याला पाठबळ दिलं आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. बांध आम्ही घातला, मीठ आम्ही धुतलं, मग निम्म्याहून जास्त भात खोताचं का, असा साधा सवाल होता.

मिठाचा घाम गाळणारं झाड

खांड बुजवली नाही तर शेतात पहिलं येतं तिवर. त्याची मुळं चिखलातून सरळ वर येऊन श्वास घेतात आणि जादा मीठ पानांतून बाहेर पडतं. पान चाटून बघा, खारट लागेल. तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि बोयाची पिल्लं लपतात, त्यामुळे कोळ्याला तिवर हवं, शेतकऱ्याला शेतात नको. आणि कित्येक घरांत कोळी आणि शेतकरी हा एकच माणूस. राज्याने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून निवडली ती पांढरी चिपी, तिवराची सोबतीण. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं परागीभवन करतात.

बाजाराला जाताना

खाडीचा ताजा मासा हवा असेल तर पेण, वडखळ, पोयनाडकडे निघण्यापूर्वी पंचांग बघा. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर असतो, डोल भरतात, टोपल्या ओसंडतात आणि भाव जरा नरम असतात. सप्तमी-अष्टमीला भांग. जाळ्यात थोडं, टोपलीत त्याहून थोडं. त्या दिवशी मावशींशी घासाघीस केलीत तर त्या एकच विचारतील, ‘आज तिथी कंची?’ उत्तर येत नसेल तर सांगतील तो भाव मुकाट द्या.